सातव्या गोळीचे कोडे

खंडेनवमीच्या दिवशी घरातील हत्यारे काढावयाची, पुसावयाची, त्यांना तेलपाणी करून पाटावर मांडावयाची आणि त्यांवर गंधफूल वाहावयाचे, ही चाल मराठी घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तलवारी व बिचवे आता फारसे उरले नाहीत. पाटावर सुताराचा रंधा येतो, शिंप्याचे यंत्र येते, गवंड्याची थापी येते. परंतु या पूजेच्या पोटी एक व्यवहारी शहाणपण आहे. जे हत्यार वेळच्या वेळी पुसले जात नाही, ते ऐन वेळी दगा देते, हे ते शहाणपण होय.

तथापि एक प्रश्न या शहाणपणाने सुटत नाही. हत्यार नवे कोरे आहे, कारखान्यातून नुकतेच आले आहे, पुसूनपासून लखलखीत ठेवले आहे आणि तरीही ते अडते. अशा वेळी दोष कोणाचा मानावयाचा? हातात धरणाऱ्याचा की घडविणाऱ्याचा? या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर त्याची किंमत रणभूमीवरील शिपाई मोजतो. म्हणूनच अमेरिकेच्या लष्करातील एका रायफलीची कहाणी पाहण्यासारखी आहे. ती रायफल म्हणजे ‘एम १’. तिच्या कर्त्याच्या नावावरून जग तिला ‘गॅरंड’ म्हणून ओळखते.

जॉन कँशियस गॅरंड याचा जन्म १ जानेवारी १८८८ रोजी कॅनडातील क्विबेक प्रांतात एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणीच तो अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात आला आणि तेथील कापडगिरणीत कामाला लागला. शाळा फार झाली नाही. गिरणीतील यंत्रे हीच त्याची शाळा ठरली. पुढे तो कुशल यांत्रिक कारागीर झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याने यांत्रिक बंदुकीचा एक नमुना तयार केला, त्यामुळे सरकारचे लक्ष त्याच्याकडे गेले, आणि १९१९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत त्याची नेमणूक झाली. तेथे तो १९५३ पर्यंत राहिला. १९३६ साली त्याने आपल्या शोधाचे हक्क सरकारच्या स्वाधीन केले. लाखो रायफली त्याच्या आराखड्यावरून तयार झाल्या, पण एकेका नगामागे त्याला मानधन म्हणून एक सेंटही मिळाला नाही. नोकरीचा पगार तेवढा मिळत गेला.

त्याच्यापुढे टाकलेले काम सोपे नव्हते. त्या काळी शिपायाच्या हाती असलेल्या रायफलीचा बोल्ट प्रत्येक गोळीनंतर हाताने मागे ओढून पुढे ढकलावा लागे. रिकामे टरफल बाहेर फेकणे आणि नवे काडतूस नळीत घालणे ही दोन्ही कामे शिपायाच्या मनगटाची. ती कामे रायफलीने आपली आपण करावीत आणि शिपायाने फक्त नेम धरून घोडा ओढावा, अशी लष्कराची इच्छा होती. एकदा घोडा ओढला की एक गोळी. हीच अर्धस्वयंचलित रायफल.

आता हे काम करावयाचे म्हणजे शक्ती कोठून तरी आणली पाहिजे. मनगटाची शक्ती काढून घेतली, तर तिच्या जागी जळत्या दारूचीच शक्ती वापरावी लागते. गोळीमागून धावणाऱ्या तप्त वायूचा थोडासा अंश बाजूला घ्यावयाचा, त्याने एक दट्ट्या मागे ढकलावयाचा, त्या दट्ट्याला जोडलेल्या दांड्याने बोल्ट फिरवून उघडावयाचा. बोल्ट मागे जाताना टरफल ओढून बाहेर टाकतो, हातोडी चढवितो आणि स्प्रिंग दाबली जाते. हीच दाबलेली स्प्रिंग मग बोल्टला पुढे लोटते, व पुढे येताना तो नवे काडतूस नळीत सारून कुलूपबंद होतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. परंतु यातील मर्म असे की, मनगटाने ओढावयाची रायफल अडली तर शिपाई जोर वाढवू शकतो. यंत्राजवळ मात्र मोजकीच शक्ती असते. वायू थोडा कमी मिळाला, कोठे काजळी साचली, कोठे तेल उडून गेले, की ती मोजकी शक्ती अपुरी पडते आणि बोल्ट अर्ध्या वाटेवर थांबतो.

दुसरे मर्म काडतुसात आहे. गॅरंडची पहिली रचना वेगळ्याच तत्त्वावर उभी होती. काडतुसाच्या बुडाशी जी पेटती टोपी असते, ती स्फोटाच्या जोराने किंचित मागे सरते, आणि तेवढ्या हालचालीवर त्याने आपले यंत्र चालविले होते. १९२० नंतरच्या दशकात लष्कराने काडतुसाची दारू बदलली आणि टोपी बुडात घट्ट दाबून बसविण्याची पद्धत आणली. झाले! टोपी जागची हलेना आणि गॅरंडची रचना निरुपयोगी ठरली. त्याने हाय न खाता वायूच्या दाबावर चालणारी नवी रचना हाती घेतली. बंदूक व काडतूस हे एकाच यंत्राचे दोन भाग आहेत, आणि एकात बदल केला की दुसऱ्यास तो बाधतो, हा पहिला धडा येथे मिळाला. पुढील पिढीने तो विसरावयाचा होता, पण ती हकीकत ओघाने येईलच.

या सुमारास जॉन पेडर्सन या नामांकित शस्त्रकाराची रायफलही स्पर्धेत होती. तिला .२७६ इंच व्यासाचे लहान काडतूस लागे, आणि ते नळीत न अडकता सुटून यावे म्हणून त्यावर मेणाचा पातळ थर द्यावा लागे. गॅरंडनेही त्याच मापाची रायफल बनविली होती. परंतु १९३२ साली लष्करप्रमुख जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी हे नवे माप नामंजूर केले. .३० मापाच्या काडतुसांचे प्रचंड साठे लष्कराजवळ पडून होते, ते वाया घालविणे परवडणारे नव्हते. गॅरंडने आपली रायफल जुन्या, अधिक जोरकस काडतुसासाठी जुळवून घेतली, आणि ९ जानेवारी १९३६ रोजी ‘एम १’ या नावाने तिचा अधिकृत स्वीकार झाला. वजन सुमारे साडेनऊ पौंड. आठ काडतुसे पोलादी क्लिपेत बसवून क्लिपेसकट वरून आत घालावयाची. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप खणकन बाहेर उडते. १९३७ च्या सप्टेंबरात दिवसाकाठी दहा नग या गतीने उत्पादन सुरू झाले. दोन वर्षांनी ही गती दिवसाला शंभर नगांवर गेली.

आणि मग दुखणी उघडकीस येऊ लागली.

पहिले दुखणे नळीच्या तोंडाशी होते. नळीला भोक पाडून वायू घेतला, तर त्या भोकाने नळी बिघडेल व नेम चुकेल, अशी लष्करातील जाणत्यांची त्या वेळी समजूत होती. म्हणून गॅरंडने नळीच्या तोंडापुढे एक टोपण बसविले होते. गोळी नळीतून निघून त्या टोपणातून पार होण्यापूर्वी जो क्षण मिळे, त्यात टोपणात कोंडलेला वायू दट्ट्याला ढकलीत असे. नमुन्यादाखल केलेल्या थोड्या रायफलींत ही युक्ती चालली. परंतु रोजच्या वापरात त्या टोपणात काजळीचे थर साचू लागले. आत हात पोचेना. टोपण व त्यामागचे नळकांडे स्क्रूने धरलेले, ते सैल होऊ लागले. पुढची माशी त्याच नळकांड्यावर बसविलेली, त्यामुळे नळकांडे हलले की माशी हले, आणि माशी हलली की नेम चुके. संगिनीलाही तेथे पक्का आधार मिळेना.

येथे शिपायाला शिस्त लावून काही साधण्यासारखे नव्हते. कितीही घासले तरी जेथे घासणी पोचत नाही, तेथील काजळी जाणार नाही. रचनाच बदलावी लागली. १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये नवा आराखडा मंजूर झाला. नळी लांब करून थेट तोंडापर्यंत नेली, आणि तिच्या तोंडाजवळ, खालच्या अंगाला, एक बारीक भोक पाडून वायू नळकांड्यात घेतला. ज्या भोकाची एवढी धास्ती होती, त्याने काहीही बिघडले नाही. १९४० च्या मध्यापासून नव्या रायफली याच रचनेच्या निघाल्या, व जुन्या रायफली परत बोलावून त्यांतही हा फेरफार करण्यात आला.

दुसरे दुखणे अधिक विलक्षण. रायफल सहा गोळ्या बिनतक्रार झाडी, आणि सातवे काडतूस अडे. दर वेळी असे घडे असे नाही, आणि सगळ्याच रायफलींत घडे असेही नाही. परंतु अडली की सातव्यालाच अडे. कोणी स्प्रिंगेला दोष दिला, कोणी क्लिपेला, कोणी काडतुसांना. घाण म्हणावी तर ती सहा गोळ्यांनी कशी होणार? आणि होत असेल तर आठव्यालाही व्हावयास हवी. मौज अशी की, गॅरंडच्या कार्यशाळेत हाताने घडविलेल्या नमुन्यांत हा दोष कधीच दिसला नव्हता.

या शेवटच्या गोष्टीतच कोड्याची किल्ली होती. नमुना निर्दोष आणि कारखान्याचा माल सदोष, म्हणजे नमुन्याकडून कारखान्याकडे जाताना वाटेत काहीतरी बदलले असले पाहिजे. शोध त्या दिशेने सुरू झाला आणि उलगडा झाला. रायफलीच्या धडात, आतल्या अंगाला, काडतुसांना वाट दाखविणारा एक बारीक कंगोरा होता. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी हत्यारे व साचे ठरविताना, कातकाम सोपे व्हावे म्हणून त्या कंगोऱ्याचा थोडासा भाग कापून टाकण्यात आला होता. एवढासा धातू! आराखडा करणाऱ्याच्या दृष्टीने तो आधार होता, कारखान्यातील यंत्रज्ञाच्या दृष्टीने ती अडगळ होती. क्लिप भरगच्च असते तोवर काडतुसे एकमेकांना नीट धरून ठेवतात. सहा निघून गेली की दोनच उरतात, आणि त्यांतले वरचे, म्हणजे सातवे, आधाराअभावी तिरके होऊन अडकते. शेवटचे एकटेच उरले की त्याची गोष्ट निराळी. कोडे सुटल्यावर उपायही साधा निघाला. पुढील नगांत कंगोरा पूर्ववत् ठेवण्यात आला, आणि तयार झालेल्या धडांत कापलेल्या जागी धातूचा जोड देण्यात आला.

या घटनेतील शिकवण कोणत्याही कारखानदाराने मनावर घ्यावी अशी आहे. आराखड्यातील जी रेघ अनावश्यक वाटते, ती तेथे का आहे हे विचारल्याखेरीज पुसू नये. आणि जी तक्रार ठरावीक जागी, ठरावीक क्रमाने पुन:पुन्हा येते, ती वापरणाऱ्याच्या हलगर्जीपणातून आलेली असण्याचा संभव थोडा. आळशी शिपायाची रायफल कोणत्याही गोळीला अडेल, ती सातवी मोजत बसणार नाही.

१९४० साली हे सारे प्रकरण वर्तमानपत्रांत व अमेरिकन काँग्रेसमध्येही गाजले. मेल्विन जॉन्सन या मरीन दलाच्या राखीव सैन्यातील अधिकाऱ्याने स्वतःची अर्धस्वयंचलित रायफल पुढे आणली होती. तिची बाजू घेणारे पुष्कळ होते. युरोपात युद्ध पेटले होते, फ्रान्स पडत होता, आणि अमेरिकेच्या लष्कराने चुकीची रायफल निवडली की काय, ही शंका जाहीरपणे बोलली जात होती. त्या वर्षाअखेर सॅन डिएगो येथे मरीन दलाने चार रायफलींची कठोर परीक्षा घेतली. गॅरंड, जॉन्सन आणि विंचेस्टरची एक अर्धस्वयंचलित रायफल, यांच्या जोडीला जुनी, हाताने बोल्ट ओढावयाची १९०३ ची स्प्रिंगफील्ड. धूळ, वाळू, पाऊस, चिखल, समुद्राचे खारे पाणी, सगळ्यांतून त्या काढल्या गेल्या. चिखलात व खाऱ्या पाण्यात जुनी स्प्रिंगफील्ड टिकली आणि नव्या रायफली अडल्या. मनगटाचा जोर वाढविता येतो, यंत्राची शक्ती मोजकी असते, हे मर्म येथे उघड दिसून आले. तथापि अर्धस्वयंचलित रायफलींत गॅरंडच पहिली ठरली. १९४१ साली मरीन दलानेही तिचा स्वीकार केला.

पावसाचे दुखणे मात्र उरलेच होते. चालक दांड्याच्या खोबणीत बोल्टचा कान फिरतो, आणि तो फिरूनच बोल्ट उघडतो. हे दोन पोलादी पृष्ठभाग एकमेकांवर मोठ्या दाबाने घासतात. पातळ तेल लावले तर मुसळधार पावसात ते धुऊन जाते, कोरडे पोलाद पोलादाला धरून बसते आणि रायफल जागच्या जागी आवळते. येथे ना आराखडा चुकला होता, ना कारखाना. औषध चुकीचे होते. तेलाच्या जागी पाण्याने न धुपणारे घट्ट वंगण लावल्याबरोबर हा दोष आटोक्यात आला. त्या वंगणाची चिमुकली डबी शिपायांना देण्यात येऊ लागली. ती रायफलीच्या दस्त्यातील पोकळीत ठेवता येत असे. शिपायाने करावयाचे ते एवढेच की, बोटाच्या टोकावर थोडे वंगण घेऊन ठरलेल्या मोजक्या जागी लावावयाचे.

आता शिपायाच्या वाट्याचे काम पाहू. ते काही कमी नव्हते. त्या काळच्या .३० काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेटले की मागे एक क्षार उरतो. तो मिठाचाच भाऊ. हवेतील ओल शोषून घेतो आणि पोलादाला गंज चढवितो. पुष्कळ नवशिके शिपाई नळीत तेलाचा फडका फिरवून निश्चिंत होत. परंतु तेलात मीठ विरघळत नाही. तेलाखाली क्षार तसाच राहतो आणि चार दिवसांनी चकचकीत नळीत तांबूस डाग दिसू लागतात. मिठाला पाणीच लागते. म्हणून आधी पाण्याने, मिळाल्यास साबणाच्या गरम पाण्याने, नळी धुवावयाची, मग ती पूर्ण कोरडी करावयाची आणि त्यानंतर तेलाचा हलका हात फिरवावयाचा. हा क्रम उलटा झाला तर सारी मेहनत फुकट. या गंजापायीच वायूचे नळकांडे न गंजणाऱ्या पोलादाचे करण्यात आले होते.

या साफसफाईचीही एक पद्धत होती. प्रथम रायफल रिकामी आहे याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावयाची. मग घोड्याचा संच, लाकडी दस्ता व नळीसकट धड असे तिचे तीन भाग अलग करावयाचे. याला हत्यार लागत नसे. गॅरंडच्या धडाची मागील बाजू बंद असल्यामुळे सळई नळीच्या तोंडाकडूनच घालावी लागे. म्हणून ती जपून घालावयाची, नाहीतर तोंडाची कड झिजून नेम बिघडे. काडतूस बसते ते घर वेगळ्या कुंचीने साफ करावयाचे, कारण तेथे कचरा राहिला तर टरफल चिकटून बसते. दट्ट्यावरील व नळकांड्यातील काजळी खरडून काढावयाची आणि तो भाग गोळीबारापूर्वी कोरडा ठेवावयाचा. तेथे तेल ठेवले तर ते तप्त वायूने जळून त्याचीच नवी काजळी होते. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, ही समजूत येथे उलटी पडते. तेलावर धूळ बसते, आणि तेल व धूळ मिळून कानशीचे काम करतात.

या रायफलीची खरी परीक्षा १९४१ च्या डिसेंबरात फिलिपाइन्स बेटांवर सुरू झाली. बाटानच्या लढाईत ती पहिल्यानेच मोठ्या शत्रुसैन्यापुढे उभी ठाकली. तेथील सेनापती होते तेच जनरल मॅकआर्थर, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी तिचे माप ठरविले होते. १९४२ च्या फेब्रुवारीत त्यांनी कळविले की, खंदकांतील धुळीमातीतही ही रायफल अडली नाही, आणि आठवडा आठवडा साफसफाई वा तेल न मिळताही ती चालत राहिली. हे प्रशस्तिपत्र मोठे खरे. परंतु एक गोष्ट ध्यानी ठेवावयास हवी. बाटानातील ते महिने कोरड्या हवेचे होते. धुळीची परीक्षा ती उतरली, पावसाची परीक्षा वेगळी होती. एका परीक्षेतील यश दुसरीच्या नावे जमा करता येत नाही.

त्याच वर्षी ग्वादलकनाल बेटावर ७ ऑगस्टला मरीन दलाचे सैनिक उतरले, तेव्हा त्यांच्या हाती मुख्यतः जुन्या स्प्रिंगफील्ड होत्या. १३ ऑक्टोबरला अमेरिकन लष्कराची १६४ वी पायदळ रेजिमेंट त्यांच्या मदतीस आली, ती गॅरंड घेऊन. नव्या रायफलीच्या माऱ्याचा वेग पाहून मरीन शिपाई मिळेल त्या मार्गाने ती मिळवू लागले. दोन वर्षांपूर्वी जी रायफल वर्तमानपत्रांत हेटाळणीचा विषय झाली होती, ती शिपाई आता आपण होऊन मागत होते. १९५७ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत सुमारे ५४ लाख गॅरंड तयार झाल्या.

ही कहाणी येथेच संपली असती तर ती सुखान्त म्हटली असती. परंतु अवघ्या पंचवीस वर्षांनी त्याच देशाच्या लष्कराने तोच धडा पुन्हा, आणि फार महाग किमतीला, गिरविला. व्हिएतनाममध्ये १९६५ पासून एम १६ ही नवी, हलकी रायफल मोठ्या संख्येने शिपायांना दिली गेली. ती स्वयंचलितही चालू शके. पण दरम्यान तिच्या काडतुसातील दारू बदलली होती. नव्या दारूने यंत्राची गती वाढली व आत मळ अधिक साचू लागला. दमट हवेत काडतुसाच्या घराला गंज चढे, कारण तेथे क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता. टरफले आत चिकटून बसू लागली. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरला होता, व साफसफाईचे साहित्यही पुष्कळांना मिळाले नव्हते. अडलेली रायफल सोडविण्यासाठी सळई शोधीत असताना तरुण पोरे मारली गेली.

सुरुवातीस दोष शिपायांच्या माथी मारण्यात आला. ते रायफल साफ ठेवीत नाहीत, असे सांगितले गेले. पोरांनी घरी पत्रे लिहिली, ती लोकप्रतिनिधींच्या हाती पडली, आणि १९६७ साली रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली. तिने दारूतील बदलावर बोट ठेवले आणि वरिष्ठांच्या हयगयीवर अतिशय कडक शब्दांत ठपका ठेवला. मग क्रोमचा मुलामा आला, यंत्राची गती आवरणारा सुधारलेला भाग आला, घासण्या व सळया आल्या. १९६८ मध्ये विल आयस्नर या प्रसिद्ध चित्रकाराकडून रायफलीच्या निगेची सचित्र पुस्तिकाही काढण्यात आली. रायफल सुधारली. जे गेले ते गेले.

या दोन हकीकती शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक फरक नजरेत भरतो. गॅरंडचे दोष शांततेच्या काळात, चाचणीच्या मैदानावर, मोठ्या गाजावाजात उघडे पडले. त्या गाजावाज्याने अधिकारी त्या वेळी त्रासले असतील. परंतु त्याच गाजावाज्यामुळे टोपण गेले, कंगोरा परत आला आणि वंगणाची डबी दस्त्यात पोचली. एम १६ चे दोष युद्धातच कळले, आणि कळल्यावरही काही काळ ऐकले गेले नाहीत.

भारतीय सैन्यालाही हा विषय परका नाही. १९६२ च्या युद्धात आपले जवान हाताने बोल्ट ओढावयाच्या .३०३ रायफली घेऊन लढले. त्यानंतर बेल्जियन बनावटीच्या धर्तीवरील ७.६२ मिलिमीटरची एस. एल. आर. ही अर्धस्वयंचलित रायफल सैन्यात आली. तिच्या आराखड्याचे काम पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत झाले व ती बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. वायूचे प्रमाण कमीजास्त करण्याचे फिरते कडे तिच्या नळकांड्यावर होते. मळ साचून यंत्र मंदावू लागले की जवानाने ते कडे थोडे फिरवून वायूचा जोर वाढवावयाचा. यंत्राजवळची शक्ती मोजकी असते हे ओळखून, ती वाढविण्याची किल्ली रचनाकाराने शिपायाच्याच हाती दिली होती. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रापासून सरहद्दीवरील ठाण्यापर्यंत, जवानांच्या बोलीत नळी साफ करण्याच्या फडक्याला ‘चिंदी’ म्हणतात. आपल्या घरातलाच हा शब्द. साऱ्या देशातील जवान तो उच्चारतात.

त्या चिंदीचे महत्त्व कोणी कमी लेखू नये. जी काजळी शिपायाच्या हाताला लागते, ती त्यानेच काढली पाहिजे. ती दुसरा कोणी काढणार नाही. परंतु जेथे त्याची चिंदी पोचत नाही, जो कंगोरा त्याने कापला नाही, जी दारू त्याने निवडली नाही, तेथला हिशेब त्याच्याकडे मागता येत नाही. नवे हत्यार अडले की आधी त्याची साफसफाई तपासावी, हे योग्यच. ती तपासून झाल्यावरही ते पुन्हा त्याच जागी अडत असेल, तर शिपायाला दोष न देता त्याचे म्हणणे लिहून घ्यावे आणि कारखान्याचा दरवाजा ठोठवावा. सातव्या गोळीचे कोडे सुटले ते याच वाटेने.